मळसूत्रांचे बंधन आणि मोचन



दोन वस्तू एकत्र जोडण्याचे जे अनेक मार्ग माणसाने शोधून काढले, त्यांत मळसूत्राचा मार्ग विशेष मानला पाहिजे. खिळा ठोकलेले लाकूड खिळा उपसताना फाटते. डाख दिलेला सांधा पुन्हा वितळवल्यावाचून सुटत नाही. सरसाने चिकटवलेली फळी वेगळी करू जावे, तर बहुधा तिची ढलपी निघते. मळसूत्राने जोडलेली वस्तू मात्र हवी तेव्हा बांधता येते आणि हवी तेव्हा सोडवता येते. व्याकरणात समासाचा विग्रह करता येतो आणि विग्रह केला तरी मूळचे शब्द अभंग राहतात, तसेच काहीसे हे आहे.

परंतु ज्या गुणामुळे नट-बोल्टाची जोडणी उपयुक्त ठरली, त्याच गुणात तिचा दोषही दडलेला आहे. आपल्या इच्छेने जे सुटते, ते आपल्या इच्छेविरुद्धही सुटू शकते. शिवणयंत्राचा स्क्रू, सायकलच्या ब्रेकचा बोल्ट, मोटारसायकलच्या क्रमांकाच्या पाटीचा नट, मासेमारीच्या होडीवरील इंजिनाचा पाया, या सर्वांना रात्रंदिवस हादरे बसत असतात व त्यांतील एखादा आटा कोणाच्या नकळत सैल होत असतो. पाटी गळून पडली तर दंड भरून सुटका होते. ब्रेक धरून ठेवणारा बोल्ट गळून पडला तर मनुष्याच्या प्राणाशी गाठ असते. म्हणून हा विषय केवळ कारागिराचा आहे असे समजू नये. शाळा सुटल्यावर सायकलवर बसणाऱ्या प्रत्येकाचा त्याच्याशी संबंध आहे.

आटे सैल होऊ नयेत म्हणून आज जगभर एक द्रव वापरला जातो. बाजारात त्यास ‘थ्रेडलॉकर’ म्हणतात. शब्दशः अर्थ करावयाचा तर ‘आट्यांना कुलूप घालणारा’. हा द्रव कसा काम करतो, तो कसा निवडावा, आणि त्याने घातलेले कुलूप पुढे कसे उघडावे, याचा विचार या लेखात क्रमाने करू.

आटे आणि त्यांची पकड

प्रथम एक छोटी कृती करून पाहा. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा आणि त्याची एक बाजू पेन्सिलीला लावून तो तिच्याभोवती गुंडाळा. त्रिकोणाचा कर्ण पेन्सिलीवर नागमोडी चढत गेलेला दिसेल. मळसूत्र म्हणजे हेच, दंडगोलाभोवती गुंडाळलेला एक उतार. १० मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या बोल्टावर नट एक पूर्ण फेरा फिरला की तो दीड मिलिमीटर पुढे सरकतो. या हिशेबाने त्या उताराचा कोन सुमारे ३ अंशांचा भरतो. पोलादावर पोलाद ठेवले असता घर्षणामुळे ते सुमारे ८ अंशांच्या उतारापर्यंत घसरत नाही. अर्थात ३ अंशांच्या उतारावर बसलेला नट स्वतः होऊन कधीही घसरू नये.

दुसरी गोष्ट अशी की घट्ट आवळलेला बोल्ट किंचित ताणला जातो. पोलाद आपणास कितीही ताठ वाटले तरी ताण पडला की ते लवचीक दोरीसारखे लांब होते आणि पुन्हा आखडू पाहते. आखडण्याच्या या ओढीनेच जोडलेले दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. पान्यावर आपण जितका जोर खर्च करतो, त्यापैकी साधारण एक दशांश भागच या ताणाच्या कामी येतो. उरलेला जोर माथ्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. मात्र हे घर्षण निरुपयोगी नव्हे. नटाला जागच्या जागी धरून ठेवणारा पहारेकरी तोच आहे.

पहारेकरी कोठे फसतो?

घर्षण इतके भरपूर असताना नट सुटतो कसा, हा प्रश्न अभियंत्यांना पुष्कळ वर्षे पडला होता. त्याचे समाधानकारक उत्तर गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात दिले. त्याने दाखवून दिले की बोल्टाच्या लांबीच्या दिशेने बसणारे हादरे फारसे घातक नसतात. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले, म्हणजे आटे झपाट्याने सैल होतात.

यातील मर्म समजण्यासाठी घरच्या घरी एक प्रयोग करता येईल. एक पुस्तक किंचित तिरपे ठेवा व त्यावर काड्यापेटी ठेवा. ती घसरत नाही. आता बोटाने तिला उताराच्या दिशेने न ढकलता केवळ आडवी, डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे, सरकवीत राहा. प्रत्येक हेलकाव्यासरशी ती थोडी थोडी खाली उतरत जाईल. घर्षण ज्या दिशेस वस्तू सरकते तिच्याविरुद्ध लढते. ते आडव्या दिशेशी झुंजण्यात गुंतले की उताराच्या दिशेस त्याचा अडसर उरत नाही. जमिनीत रोवलेला खुंट सरळ ओढून निघत नाही, परंतु बाजूंना हलवीत ओढला की सुटतो, हा अनुभव पुष्कळांना असेल. नटाचेही तसेच होते. इंजिनाचा प्रत्येक आडवा हादरा त्याला केसभर उलटा फिरवतो व असे सहस्रावधी हादरे एकत्र आले की बोल्टाचा ताण नाहीसा होतो.

हे टाळण्याचे जुने उपाय अनेक आहेत. एका नटावर दुसरा नट आवळणे, खाचा असलेल्या नटातून व बोल्टाच्या छिद्रातून दुपाखी पिन आरपार घालून तिची टोके वाकवणे, विमानाच्या इंजिनात बोल्टांचे माथे तारेने एकमेकांस बांधणे, नटाच्या तोंडाशी नायलॉनचे कडे बसवणे, हे त्यांपैकी काही प्रमुख होत. स्प्रिंगचा चिरलेला वॉशर सर्वांत लोकप्रिय खरा, पण युंकरच्या पद्धतीने घेतलेल्या चाचण्यांत आडव्या हादऱ्यांपुढे त्याचा फारसा निभाव लागत नाही, असे आढळले आहे.

वायूवाचून गोठणारा द्रव

आट्यांच्या जोडणीकडे भिंगातून पाहिले, तर नटाचे व बोल्टाचे आटे सर्व बाजूंनी एकमेकांस टेकलेले नसतात, हे दिसून येईल. एका बाजूस धातू धातूला भिडलेला असतो व दुसऱ्या बाजूस बारीक पोकळी राहते. ही पोकळी आहे म्हणूनच नट हाताने फिरवता येतो आणि ती आहे म्हणूनच तो आडवा हालू शकतो. ती पोकळी एखाद्या घट्ट पदार्थाने भरून काढता आली तर? हाच विचार थ्रेडलॉकरच्या मुळाशी आहे.

या द्रवाचा इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधकांना एक चमत्कारिक रसायन सापडले होते. त्यातून हवेचे बुडबुडे सतत सोडीत राहिले तर ते पातळ राहत असे. हवा बंद केली की ते गोठून घट्ट होई. असा पदार्थ बाटलीत भरून विकावा कसा? म्हणून तो तसाच पडून राहिला. हार्टफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांच्या कानावर ही गोष्ट त्यांच्या मुलाकडून आली. मुलगा त्याच कंपनीत रसायनशास्त्रज्ञ होता. साठी उलटलेल्या या प्राध्यापकांनी १९५३ साली त्या रसायनास असे रूप दिले की बाटलीतील थोड्याशा हवेच्या संगतीत ते दीर्घकाळ पातळ राहावे आणि आट्यांच्या पोकळीत शिरताच घट्ट व्हावे. १९५६ साली हे द्रव्य ‘लॉकटाइट’ या नावाने जगापुढे आले. १९९७ साली ती कंपनी जर्मनीच्या हेन्केल कंपनीने विकत घेतली. आज अशा प्रकारचे द्रव इतर अनेक उत्पादकही बनवतात. ज्यास निरुपयोगी म्हणून बाजूस सारले होते, त्याच दोषाकडे एका शिक्षकाने गुण म्हणून पाहिले, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी मनात ठेवण्यासारखी आहे.

आता तो गोठतो कसा ते पाहू. आपल्या परिचयाचे चिकट पदार्थ निरनिराळ्या कारणांनी घट्ट होतात. सुतार वापरतो तो पांढरा गोंद त्यातील पाणी उडून गेल्यावर वाळतो. क्षणात बोटे चिकटवणारा फेव्हिक्विकसारखा द्रव हवेतील ओलाव्यामुळे गोठतो. अराल्डाइटमध्ये दोन नळ्यांतील द्रव्ये मिसळावी लागतात व त्यांच्या संयोगाने ते कठीण होते. थ्रेडलॉकरची तऱ्हा या तिघांहून निराळी आहे. तो मेथॅक्रिलेट नावाच्या रसायनांच्या वर्गातील असून त्याचे सुटे रेणू एकमेकांचे हात धरून लांब साखळ्या आणि जाळी विणण्यास सदैव उत्सुक असतात. पण हवेतील प्राणवायू त्यांच्यामध्ये येतो आणि साखळीचे टोक गाठून तिची वाढ तेथेच थांबवतो. प्राणवायू दूर झाला की हा अडथळा संपतो. त्याच वेळी लोखंड किंवा तांबे यांसारख्या धातूंचे कण द्रवात मिसळलेल्या पेरॉक्साइडचे विघटन घडवून आणतात आणि साखळ्या विणण्याचे काम सुरू होते. सारांश, दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. हवा नसावी आणि धातू असावा.

या दोन अटी ध्यानात ठेवल्या की पुढच्या कित्येक गोष्टींचा उलगडा आपोआप होतो. बाटली अर्धवटच भरलेली का असते? आत प्राणवायू राहावा म्हणून. तिचे प्लास्टिक पातळ का असते? बाहेरची हवा त्यातून थोडी थोडी झिरपावी म्हणून. बाटलीचे तोंड लोखंडाला टेकवू नये असे का सांगतात? धातूचा कण आत गेला तर सारा द्रव बाटलीतच गोठण्याची भीती असते म्हणून. आणि नटाबाहेर ओघळलेला थेंब दुसऱ्या दिवशीही ओलाच राहिला, तर माल नकली आहे असे समजण्याचे कारण नाही. उघड्या हवेत तो ओला राहावा हीच त्याची प्रकृती होय.

धातूधातूंतही फरक आहे. पितळ, तांबे व साधे पोलाद यांच्या सहवासात हा द्रव लवकर गोठतो. न गंजणारे पोलाद, जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट आणि बहुतेक ॲल्युमिनियम यांच्याशी त्याची गाठ सावकाश पडते. तेथे अधिक वेळ द्यावा लागतो, किंवा ‘ॲक्टिव्हेटर’ नावाचे साहाय्यक द्रव्य आधी फवारावे लागते.

निवड : कुलपापूर्वी किल्लीचा विचार

नवशिक्याची समजूत अशी असते की जितका द्रव बलवान तितका चांगला. ही समजूत महागात पडते. घराच्या मुख्य दारास लावतो तेवढे मोठे कुलूप कोणी पेन्सिलीच्या पेटीस लावीत नाही. थ्रेडलॉकर निवडताना पहिला प्रश्न ‘हे किती घट्ट धरील?’ असा न विचारता ‘हे पुढे कोण, केव्हा आणि कोणत्या साधनाने उघडणार?’ असा विचारावा. त्याचे उत्तर मिळाले की निवड सोपी होते.

सौम्य, मध्यम, तीव्र आणि झिरपणारा असे या द्रवाचे चार मुख्य प्रकार आहेत. सौम्य प्रकार बहुधा जांभळ्या रंगाचा असतो. ६ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक स्क्रू, तसेच वरचेवर जुळवून घ्यावे लागणारे स्क्रू यांच्यासाठी तो योग्य होय. मध्यम प्रकार बहुधा निळा असतो. साधारण ६ ते २० मिलिमीटरच्या बोल्टांना तो लावतात व साध्या पान्याने तो उघडता येतो. सायकल, मोटारसायकल, पंप अशा यंत्रांची बहुतेक कामे याच प्रकाराने भागतात. तीव्र प्रकार पुष्कळदा लाल असतो. जी जोडणी सहसा उघडावयाची नाही तिच्यासाठी तो राखून ठेवावा, कारण उष्णता दिल्यावाचून तो सुटत नाही. झिरपणारा प्रकार पाण्याइतका पातळ असतो आणि आधीच आवळलेल्या नटाच्या कडेस त्याचा थेंब सोडला की तो केशाकर्षणाने आत शिरतो.

या प्रकारांतील अंतर आकड्यांत पाहणे बोधप्रद होईल. १० मिलिमीटरच्या पोलादी बोल्टावर नट न आवळता केवळ द्रवाने चिकटवला, तर तो फिरवण्यास लागणारा पीळ लॉकटाइटच्या २२२ क्रमांकाच्या सौम्य द्रवास सुमारे ६, २४३ क्रमांकाच्या मध्यम द्रवास सुमारे २६, आणि २७० क्रमांकाच्या तीव्र द्रवास सुमारे ३३ न्यूटन-मीटर असतो. जाड बोल्टाला यात काहीच कठीण नाही. पण हाच तीव्र द्रव ३ मिलिमीटरच्या इवल्या स्क्रूला लावला तर काय होईल? आटे सुटण्यापूर्वी स्क्रूचा माथाच तुटून हाती येईल. बांधलेली वस्तू सुरक्षित राहिली खरी, परंतु ती पुन्हा सोडवण्याचा मार्ग मात्र बुजला.

येथे एक इशारा दिला पाहिजे. वर ‘बहुधा’ आणि ‘पुष्कळदा’ असे शब्द मी मुद्दाम योजले आहेत. रंग हा कोणत्याही नियमाने ठरलेला नाही. उत्पादक आपापल्या सोयीने तो घालतात. वर उल्लेखिलेला २७० क्रमांकाचा तीव्र द्रव हिरवा असतो आणि त्याच उत्पादकाचा २९० क्रमांकाचा झिरपणारा द्रवही हिरवाच असतो. म्हणून रंगावर न विसंबता बाटलीवरील मजकूर व क्रमांक वाचावा. वाचता येणाऱ्या माणसाने न वाचता केलेली चूक ही अज्ञानाहून अधिक लाजिरवाणी होय.

लावण्याची रीत

आटे स्वच्छ असणे ही पहिली आवश्यकता आहे. तेल, वंगण, गंज व जुना वाळलेला थर तारेच्या ब्रशने आणि योग्य द्रावकाने काढून टाकावा. रॉकेलने धुतल्यास मागे तेलकट थर राहतो. त्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोलसारखे उडून जाणारे द्रावक बरे. काही नवे द्रव थोडे तेल सहन करतात, परंतु त्या भरवशावर आळस करू नये.

बोल्ट आरपार जात असेल व पलीकडे नट बसत असेल, तर नट जेथे बसणार त्या आट्यांवर एकदोन थेंब पुरेत. भोक बंद असेल, म्हणजे त्यास पलीकडे तोंड नसेल, तर थेंब भोकाच्या तळाशी सोडावेत. नुसते बोल्टावर सोडले तर आत शिरणाऱ्या बोल्टापुढे कोंडलेली हवा बाहेर पडताना द्रवाला आपल्याबरोबर ढकलून आणते. त्यानंतर उत्पादकाने सांगितलेल्या जोराने बोल्ट आवळावा. थ्रेडलॉकर लावला म्हणून आवळण्यात कसूर करून चालणार नाही, कारण दोन भाग एकमेकांवर दाबून धरण्याचे काम बोल्टाच्या ताणाचेच आहे. द्रव फक्त तो ताण टिकवतो. काही मिनिटांत पकड येऊ लागते, तथापि पुरे बळ येण्यास सुमारे २४ तास द्यावेत. एकदा गोठू लागल्यावर बोल्ट पुन्हा हलवला तर विणलेली जाळी तुटते. अशा वेळी सर्व स्वच्छ करून प्रारंभापासून करावे हेच उत्तम.

समुद्रकाठी राहणाऱ्या आपणा गोमंतकीयांना या द्रवाचा आणखी एक लाभ आहे. आट्यांतील पोकळी भरून गेल्यामुळे खारट दमट हवेला आत शिरण्यास वाट उरत नाही आणि गंजाला आळा बसतो.

सोडवण्याची रीत

बांधण्यापेक्षा सोडवण्यास अधिक विवेक लागतो. न सुटणारा बोल्ट समोर आला म्हणजे त्यास कशाने धरले आहे, गंजाने की द्रवाने, हे आधी ओळखावे. गंजाने धरलेल्या आट्यांभोवती तांबूस भुकटी दिसते. तेथे झिरपणारे तेल सोडून धीर धरल्यास गुण येतो. थ्रेडलॉकरच्या कडेस रंगीत किंवा पांढुरका चुरा दिसतो व त्यावर तेलाचा काही परिणाम होत नाही, कारण तेल-पेट्रोलला दाद न देणे हा त्याचा स्वभावच आहे. गंजास तेल आणि थ्रेडलॉकरला उष्णता, एवढे सूत्र पाठ करून ठेवावे. आटे उलटे तर नाहीत ना, हेही पाहावे. सायकलच्या डाव्या पायट्याचे आटे उलटे असतात. तो नेहमीच्या दिशेने सोडवू पाहणारा मनुष्य वस्तुतः त्यास अधिकच आवळीत असतो.

सौम्य व मध्यम द्रवासाठी योग्य मापाचा पाना आणि सावकाश वाढत जाणारा जोर पुरतो. माथ्यावर नीट बसणारा रिंग पाना किंवा बॉक्स पाना वापरावा. सैल पान्याने माथ्याचे कोन गोल होतात व मग कोणताच पाना उपयोगी पडत नाही. बोल्ट एकदा हलला तरी थ्रेडलॉकर लगेच मोकळीक देत नाही. तुटलेला थर आट्यांत घासत राहतो आणि शेवटच्या फेऱ्यापर्यंत बोल्ट जड फिरतो. त्यास आटे बिघडले असे समजून घाबरू नये.

तीव्र द्रवासाठी उष्णता हवी. गोठलेला थर सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापला की मऊ पडतो. नट किंवा त्याभोवतालचा भाग गरम हवेच्या यंत्राने साधारण पाच मिनिटे तापवावा आणि गरम असतानाच पाना फिरवावा. थंड होऊ दिला तर पकड पुन्हा येते. बारीक स्क्रूच्या माथ्यावर सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक काही वेळ टेकवून ठेवले की तेवढ्याने काम होते व आजूबाजूच्या भागास धक्का लागत नाही.

तापवण्यापूर्वी शेजारी काय आहे ते पाहणे मात्र अत्यावश्यक आहे. पेट्रोलची टाकी व नळ्या, विजेची बॅटरी, रबरी सील, वंगण भरलेले बेअरिंग, वायू भरलेला शॉक-ॲब्सॉर्बर यांच्याजवळ उष्णता नेणे म्हणजे संकटास आमंत्रण देणे होय. तापलेल्या द्रवाची वाफ श्वासात जाऊ देऊ नये. खोली हवेशीर असावी. ओला द्रव त्वचेला वारंवार लागला तर काहींना कायमची ॲलर्जी जडते, म्हणून हातमोजे घालावेत. तापवून सोडवण्याचे काम विद्यार्थ्यांनी एकट्याने कधीही करू नये. जाणत्या कारागिराच्या किंवा शिक्षकांच्या देखरेखीखालीच ते करावे.

कोठे वापरू नये?

प्रत्येक औषधास जसे पथ्य असते तसे या द्रवासही आहे. ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट अशा प्लास्टिकांना तो लागला तर त्यांस बारीक तडे जातात. चष्म्याच्या बिजागरीचा स्क्रू बसवताना हे विशेष सांभाळावे. शुद्ध प्राणवायूच्या नळ्यांना व उपकरणांना तो कदापि लावू नये, असे उत्पादकच बजावून सांगतात. स्पार्क प्लग किंवा मोटारीच्या चाकाचे नट वरचेवर व कधी रस्त्यातच उघडावे लागतात. तेथे उत्पादकाने सांगितले नसेल तर त्याची गरज नाही. आणि जेथे डोक्यावर जड वस्तू टांगलेली असते, तेथे तर केवळ द्रवावर भिस्त ठेवू नये. आपल्या वर्गातील छताचा पंखा ज्या बोल्टावर लटकतो, त्यातून एक दुपाखी पिन आरपार घातलेली असते. ती पिन डोळ्यांना दिसते, वाकवली आहे की नाही हे खालून शिडीवर चढून तपासता येते. आट्यांच्या आत गोठलेला द्रव असा तपासता येत नाही. पिनेच्या जागी पिनच हवी.

याउलट अनेक वाहनांत डिस्क ब्रेकची चकती धरून ठेवणारे स्क्रू कारखान्यातूनच थ्रेडलॉकरचा थर देऊन येतात. असा स्क्रू एकदा काढला की तो थर निकामी होतो. जुना थर साफ करून नवा दिला पाहिजे, अथवा उत्पादकाने सांगितले असल्यास स्क्रूच बदलला पाहिजे. तुमच्या वाहनाची चकती कोणी उघडली असेल, तर परत बसवताना आट्यांना काय लावले, हा प्रश्न कारागिरास नम्रपणे पण अवश्य विचारावा. चांगल्या कारागिरास असा प्रश्न आवडतो.

उपसंहार

बंधन बळकट असावे, हा एक विचार झाला. ते विचारपूर्वक सोडवता यावे, हा त्याहून पुढचा विचार होय. आज जो बोल्ट तुम्ही बांधाल, तो उद्या दुसराच कोणीतरी उघडणार आहे. कदाचित भर पावसात, रस्त्याच्या कडेला, हाती एकच पाना असताना. त्या न पाहिलेल्या माणसाची अडचण आधी ओळखून जो आजचे काम करतो, त्यासच खरा कारागीर म्हणावे. हे केवळ नट-बोल्टांपुरते खरे आहे की कसे, याचा विचार ज्याने त्याने करावा.

अभ्यासासाठी

१. काड्यापेटीचा प्रयोग करून पाहा. पुस्तकाचा उतार वाढवल्यास काय फरक पडतो, ते लिहून ठेवा.

२. विज्ञान-शिक्षकांच्या देखरेखीखाली मध्यम थ्रेडलॉकरचा एक थेंब काचेवर उघडा ठेवा. पितळेच्या एका नट-बोल्टास आणि न गंजणाऱ्या पोलादाच्या एका नट-बोल्टास एकेक थेंब लावा. तासाने व दुसऱ्या दिवशी तिन्हींची स्थिती पाहून कारणे सांगा.

३. घरातील अशा पाच जोडण्या शोधा की ज्या सैल झाल्यास अपघात होईल. प्रत्येकीस सैल होण्यापासून कशाने रोखले आहे, ते वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवा.

४. बंद भोकात द्रव तळाशी का सोडावा, हे आकृती काढून स्पष्ट करा.